कॉलरमधली हवा

शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी इंजिनिअर होतो. वीजबिल बघून मालकांचं डोकं फिरलं आणि वीज वाचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझ्या तर कानात वारंच शिरलं! जेवणाच्या सुट्टीत मशिनं थांबली की मी पाइपांना कान लावत फिरायचो. जिथं फुस्स ऐकू येईल तिथं हवेची गळती. हवा गळली की कंप्रेसर जास्त चालणार, म्हणजे कुठंतरी जास्त कोळसा जळणार, हे मी येता-जाता सगळ्यांना ऐकवायचो.

सगळ्या गळत्या बुजवल्या. राहिले ते भट्टीवरचे मामा. वितळलेलं लोखंड साच्यांत ओतून आले की ते हवेचा पाइप कॉलरीत खुपसायचे. शर्ट टम्म फुगायचा, मामा डोळे मिटायचे. तेवढाच त्यांचा विसावा.

"मामा, ही हवा विजेवर तयार होते, अन् वीज कोळशावर," मी म्हणालो.

"आन माझं काय, सायब? माझा तर हितं उभ्या-उभ्या कोळसा व्हायलाय की!"

सगळे खदाखदा हसले. मला राग आला. अंगावर अशी हवा घेणं धोक्याचं, नियमात बसत नाही, हे कारण हाताशी होतंच. दुसऱ्या दिवशी त्या पाइपाच्या व्हॉल्व्हला कुलूप घातलं. बदल्यात एक मोठा पंखा मागायला हवा होता. नाही मागितला. पंख्यालाही वीज लागते, माझा बचतीचा आकडा खाली आला असता. इतका हलकट विचार मी केला, हे लिहितानाही लाज वाटते.

एप्रिलात एका दुपारी ओतकाम संपवून मामा खाली बसले ते उठलेच नाहीत. उष्माघात. जीव वाचला, पण डॉक्टरांनी भट्टीचं काम कायमचं बंद केलं.

महिन्याभरानं पेठ वडगावला त्यांच्या घरी गेलो, शिव्या खायच्या तयारीनं. मामा कॉटवर बसलेले, निम्मे झालेले. "या की सायब," म्हणाले. आत चहा सांगितला. मग विचारलं, "माझ्या जागी कोन घेतला?"

"नवा आहे एक."

"त्येला हवा हाय न्हवं?"

कुलूप तसंच होतं. मी मान खाली घालून म्हणालो, "हाय की."

मामांचा चेहरा खुलला. "लई चांगलं काम केलासा, सायब."