ताईच्या दुर्बिणीची बैठक

दारंखिडक्या करणाऱ्या त्या मिस्त्रींची ख्याती अशी, की त्यांनी बसवलेलं दार लागताना आवाज यायचा नाही. गिऱ्हाईक खूश झालं तरी ते खूश नसायचे. चौकटीपाशी केसभर फट दिसली की दार पुन्हा उतरवून रंधा मारायला बसायचे. पण हाच माणूस घरी आला की निराळा. स्वतःच्या कपाटाचं दार वर्षानुवर्षं सुतळीनं बांधलेलं. "जगाला उजेड आणि दिव्याखाली अंधार," असं त्यांची बायको म्हणायची. ते हसण्यावारी न्यायचे.

त्यांची थोरली बहीण चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. लग्न केलं नाही, आईचं शेवटपर्यंत सगळं केलं, आणि आई गेल्यावर संध्याकाळी घर खायला उठू लागलं तेव्हा तिनं एक भलतंच वेड घेतलं. ताटाएवढी, जाड काच आणून ती ओट्यावर घासत बसू लागली. दुर्बिणीचा आरसा करायचा म्हणे. दुकानाचा मालक चिडवायचा, "बाई, आपल्या गिऱ्हाइकांना हातातलं दिसेना, आणि तुम्ही निघालात आभाळातलं बघायला!" ती हसायची आणि घरी जाऊन पुन्हा घासायची.

आरसा झाला, नळी झाली. राहिली ती नळी पेलणारी बैठक. तेव्हा ती चित्र घेऊन भावाच्या कारखान्यात आली.

"बाळ्या, एवढं करून दे मला," ती म्हणाली. केस पिकायला लागले तरी तिच्या लेखी ते बाळ्याच होते. "खाली गोल पाट, त्यावर फिरणारी पेटी. पेटीच्या दोन फळ्यांना वरून अर्धगोल खाचा, त्यांत नळीचे दोन कान बसतील. फळ्या जाड घे. आणि चाकं नकोत. गुळगुळीत प्लास्टिकचे तुकडे लाव. बोटानं ढकललं की हलली पाहिजे, बोट काढलं की जिथल्या तिथे थांबली पाहिजे."

"तोफच की गं ही."

"तोफच. फक्त कुणाला लागत नाही." मग ती म्हणाली, "धूमकेतू येतोय. त्याच्या आधी दे हं. आपल्या हयातीत तो पुन्हा यायचा नाही."

"तू सांगितलंस ना? मग झालंच समज."

पण त्याच सुमारास एका मोठ्या हॉटेलच्या दारांचं काम आलं. चित्र खिळ्याला अडकवलेलं राहिलं. "अहो, वन्संचं काम झालं का?" बायको विचारायची. "घरचंच आहे, पळून जातंय का कुठे!" हे ठरलेलं उत्तर.

शेवटी धूमकेतू अगदी दाराशी आल्यावर त्यांनी एका दुपारी बैठक ठोकून काढली. जाड फळ्या हॉटेलच्या दारांत गेल्या होत्या, म्हणून उरलेसुरले पातळ तुकडे जोडले. प्लास्टिक शोधत कोण बसणार, म्हणून जुन्या कपाटाची चाकं लावली. नळी घसरू लागली तेव्हा कानाला एक नटबोल्ट ठोकला: आवळला की थांबली. वरून मात्र पॉलिश असं केलं, की ताई त्यावरून हात फिरवत राहिली.

"छान दिसतेय रे," ती म्हणाली. "ये ना आज बघायला."

"आज नाही गं जमत."

दुसऱ्या दिवशीही नाही जमलं. त्या आठवड्यात तिनं आणखी एकदा बोलावलं, आणि मग बोलावणं बंद केलं. धूमकेतू आला आणि गेला. मिस्त्रींना हॉटेलवाल्यानं शाबासकी दिली.

पुष्कळ वर्षांनी चष्म्याचं दुकान बंद झालं आणि ताईनं तळमजल्यावरची लहानशी खोली घेतली. सामान हलवायला मिस्त्री गेले. माळ्यावरची दुर्बीण अंगणात आणून ठेवली. टेम्पोला वेळ होता, दिवस मावळत होता, वर अर्धा चंद्र होता.

"बघू तरी," असं म्हणत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या नळीला डोळा लावला.

चंद्राचा काठ बादलीतल्या पाण्यासारखा हिंदकळत होता. बोल्ट आवळला तर चंद्रच निसटला. पेटी ढकलली तर चाकं आधी अडली आणि मग धाडकन पुढे गेली. हाताखालची पातळ फळी थरथरत होती. कुणी काही सांगायची गरज नव्हती. असलं काम एखाद्या कामगारानं केलं असतं तर त्यांनी त्याला पुन्हा दारात उभं केलं नसतं.

"ताई, धूमकेतू तू यातूनच बघितलास?"

ती बोचक्याची गाठ मारत होती. "यातूनच. श्वास रोखून धरला की क्षणभर थांबायचा. मग पुन्हा शोधायचा."

"मग सांगायचं नाहीस? एका दिवसात दुसरी करून दिली असती!"

"एका दिवसात?" ताईनं वर बघितलं.

मिस्त्री उगाच तो बोल्ट सैल करू लागले.

"सांगायला कशाला हवं होतं, बाळ्या?" ती हळूच म्हणाली. "तू एकदा डोळा लावायला आला असतास तरी पुरलं असतं."

तेवढ्यात टेम्पो आला.

मिस्त्रींनी दुसरी बैठक केली. जपून ठेवलेलं जुनं सागवान काढलं, खाचा पटाशीनं स्वतः कोरल्या, प्लास्टिकचे तुकडे शोधून आणले. कामगाराला हात लावू दिला नाही. बायको म्हणाली, "बैल गेला नि झोपा केला." या वेळी ते हसले नाहीत.

ताईच्या नव्या खोलीपुढे उंच इमारती होत्या; मधून दिसेल तेवढंच आभाळ. चंद्र त्या फटीत आल्यावर तिनं एका बोटानं नळी ढकलली. चंद्र समोर आला आणि स्वच्छ, निश्चल उभा राहिला. ती बराच वेळ बघत होती.

"कशी फिरतेय?"

"लोण्यासारखी." मग कमरेवर हात ठेवून ती सरळ झाली. "आता फार वेळ वाकवत नाही रे."

तिनं चार शब्द सुनावावेत, असं मिस्त्रींना फार वाटत होतं. ती चहा ठेवायला आत गेली.

हल्ली ते सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे जातात. ताई खुर्चीत बसते. कुठला तारा कुठे शोधायचा ते सांगते, स्वतः मात्र क्वचितच उठते. "तूच बघ आणि मला सांग," म्हणते. मिस्त्री डोळा लावतात, दिसेल ते सांगतात. तिला ते सगळं आधीपासून ठाऊक असतं, तरी ती ऐकून घेते. आणि सांगता सांगता ते मध्येच नळीवरचा डोळा काढून तिच्याकडे बघतात. कारण हे तिनं त्यांना सांगायचं होतं, तेव्हा, ती उत्साहानं बोलावत होती तेव्हा.