शिंदीचा गाभा

झावळ्यांच्या रविवाराला तीन दिवस उरले होते आणि मी ओढ्याच्या काठावर नुसता उभा होतो. समोरच्या शिंदीच्या झाडांपैकी एकही जिवंत नव्हतं. खोडं उभी होती, पण शेंडे काळे पडून कुजले होते. हे कोणाचं काम आहे, ते मला एकट्यालाच ठाऊक होतं.

पेडगावच्या पुढे, ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर आमचं पत्र्याचं चर्च आहे. मी तिथल्या मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, पंच. प्रभू यरुशलेमेत आले तेव्हा लोकांनी झावळ्यांनी त्यांचं स्वागत केलं, त्या दिवसाच्या आठवणीत हातात झावळ्या घेऊन वस्तीतून फिरायची आमची रीत, आणि झावळ्या आणायचं काम माझं. शिंदीची बाहेरची पानं हिरवी असतात, पण राठ आणि काटेरी. लेकरांच्या हाताला टोचतात. शेंड्याच्या पोटात मात्र न उघडलेली, पिवळसर पांढरी, लोण्यासारखी मऊ पानं असतात. त्यांचे क्रूसही सुरेख वळतात. एका वर्षी मी ती काढून आणली. पाळकसाहेबांनी सर्वांसमोर माझं कौतुक केलं. मग दरवर्षी मी एकटाच जाऊन गाभाच कापू लागलो. लिंबाची फांदी तोडली की पुन्हा फुटते, तशीच शिंदीही फुटेल असं मी धरून चाललो. दुसऱ्या वर्षी कापलेली झाडं वाळलेली दिसली. तरी मी पुढच्या झाडाकडे वळलो. देवासाठीच तर नेतो, असं मनाला सांगितलं.

ते दिवस वाईट होते. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाने गावोगावी ताण होता. आमच्या वस्तीतली माणसं दिवस मावळायच्या आत घरी परतायची. अशा भयात लोकांना हा सण हवा होता. सगळ्यांनी मिळून गात बाहेर पडावं, एवढीच त्यांची आस होती. गोदावरीकडे शिंदी असेल म्हणून सोनपेठला जायचं मी ठरवलं होतं, पण एसटी बंद होती. मी तिथेच खाली बसलो आणि म्हणालो, "प्रभू, माझ्या चुकीची शिक्षा मंडळीला देऊ नको." पण ही चूक मंडळीला सांगायची तयारी त्या घडीलाही माझी नव्हती.

तेवढ्यात पलीकडून एक म्हातारी आली. डोक्यावर शिंदीच्या फड्यांचा, म्हणजे झाडण्यांचा भारा. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. भारा उतरवून ती वाळलेल्या खोडांकडे पाहत राहिली.

"कोन मुडदा गाभा कापायलाय, कळंना," ती म्हणाली. "हितल्या पाल्यावर माझं पोट हाय. आता दोन कोस चालावं लागतंय."

"गुराख्यांनी तोडलं असंल, मावशी," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. "गुराखी इतकं साफ कापत न्हाई. आन् तुमी हितं काय करायलाव?"

मी चर्चचं सांगितलं. सण आहे, झावळ्या पाहिजेत. ती मला ओढ्याच्या वळणापलीकडे घेऊन गेली. तिथे बाभळीच्या काट्यांच्या कुंपणाआड तीन शिंदी उभ्या होत्या, हिरव्यागार. गुरांपासून आणि माणसांपासून तिने त्या राखल्या होत्या. कोयत्याने तिने बाहेरची, खाली झुकलेली पानंच उतरवली. "वरला गाभा म्हंजी झाडाचा जीव. तो घेतला की संपलं. बाहेरलं घ्या, झाड लय दिवस देतं." मग पानांचा बिंडा माझ्यापुढे टाकला. "देवाचं झालं की पाला वापस द्या. मला फडे करायला व्हतील."

त्या बिंड्याला हात लावायचं माझ्याने होईना. "मावशी, गाभा मीच कापला," मी म्हणालो.

"ते म्या तुमच्या तोंडाकडं बघूनच वळखलं," ती म्हणाली. "उचला आता. दुपार व्हायली."

ती कोण, कुठली, त्याच वेळी तिथे कशी आली, हे मी तपासत बसलो नाही. पाठवलेली होती, एवढं मला पुरेसं आहे.

रविवारी प्रार्थनेआधी मी उभा राहून सगळं सांगितलं. मग मागून एक वृद्ध सभासद म्हणाले, "तरीच पंच दरसाली एकटेच जायचे व्हय!" लोक हसले. त्या हसण्यात माझं कित्येक वर्षांचं ओझं उतरलं. राठ पानं घेऊन आम्ही वस्तीतून फिरलो, आणि एवढ्या मोठ्याने आम्ही पूर्वी कधी गायलो नव्हतो.

तेव्हापासून आमच्याकडे गाभ्याला कोणी हात लावत नाही. सणानंतर पाला मावशीकडे जातो आणि तिच्या फड्यांनीच चर्च झाडलं जातं. प्रीतिभोजनाच्या पत्रावळी ओढ्यात न टाकता खड्ड्यात कुजवतो. भांडी आधी राखेने घासतो आणि विसळलेलं पाणी काठावर लावलेल्या शिंदीच्या रोपांना घालतो. देवाने पहिल्या माणसाला बागेत राखणीसाठी ठेवलं होतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. राखण म्हणजे काय, ते मात्र मला मावशीने शिकवलं.

किती पानं घ्यायची, ते आता तीच ठरवते. एका वर्षी पाऊस फार कमी झाला. तिने झाडं चाचपून पाहिली आणि म्हणाली, "यंदा आठच घ्या. जास्त न्हाई." पूर्वीचा मी असतो तर हुज्जत घातली असती. त्या रविवारी संपूर्ण मंडळीत आठ पानं होती. गाणं सुरू झालं तसं प्रत्येकाने पान क्षणभर उंच धरलं आणि शेजारच्याच्या हाती दिलं. माझ्या हाती आलेलं पान टोकाला पिवळं पडलेलं, थोडं फाटलेलं होतं. प्रभूला सगळ्यांत कोवळं, सगळ्यांत देखणं द्यायचा माझा हट्ट होता. त्याने ते कधी मागितलंच नव्हतं. मी ते पान डोक्यावर धरलं, प्रभूचे आभार मानले आणि पुढे दिलं.