टाकीत चार बोटं पाणी

इंजिन गार ठेवणं हे माझं काम असणार आहे, असं लग्न ठरवताना मला कोणी सांगितलं नव्हतं. मुलगा जव्हार संस्थानात नोकरीला, विजेच्या खात्यात, राहायला दोन खोल्या, एवढं माझ्या वडिलांनी ऐकलं आणि नारळ दिला. विजेचं खातं म्हणजे काय, तर पाहुणेबंगल्याच्या मागे पत्र्याची एक शेड, शेडीत तेलावर चालणारं एक इंजिन, त्याच्या पट्ट्यावर फिरणारा डायनामो, आणि अख्ख्या खात्यात मिळून आमचे हे एकटे. आमच्या दोन खोल्या त्या शेडीला चिकटून होत्या. संध्याकाळी भिंतीला पाठ टेकावी तर भिंत धडधडायची.

ते इंजिन सुरू करायचं म्हणजे आधी त्याचं डोकं तापवायचं. भुरभुर पेटणारा एक दिवा डोक्याखाली लावून बसायचं, डोकं लाल झालं की चाकाला हिसका द्यायचा. आणि एकदा ते चालू लागलं की उरलेली संध्याकाळ त्याला गार करत बसायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ह्यांना म्हटलं, "आधी तापवायचं आणि मग गार करायचं, ही कुठली रीत?" हे म्हणाले, "तुझ्या बाबतीतही तेच करतो की." तेव्हा मी नवी होते, हसले. पुढे हसू येईना.

शेडीबाहेर ओट्यावर माणूसभर उंचीची लोखंडी टाकी होती. तिच्या खालच्या नळाने गार पाणी इंजिनाच्या अंगाभोवती जायचं, तिथे तापायचं आणि वरच्या नळाने टाकीत परत यायचं. पंप नाही, काही नाही. तापलेलं पाणी आपोआप वर चढतं, एवढ्यावरच सगळा कारभार. अट एकच, की टाकीतलं पाणी वरच्या नळाच्या तोंडापेक्षा निदान चार बोटं वर पाहिजे. त्याखाली गेलं की पाणी फिरायचं थांबतं, आणि मग इंजिन तापून तापून जाम होतं. हे येता-जाता टाकीत बोटं बुडवून बघायचे. मग आत जाऊन डायनामोच्या पाठीवर तळहात ठेवायचे. हात टिकला तर ठीक, चटका बसला तर बंगल्यावर निरोप, की थोडे दिवे मालवा. मला एकदा हिवतापाने चांगलं झोडपलं, तेव्हा माझ्या कपाळावर हात ठेवायचं काही ह्यांना सुचलं नाही. तेही मी बोलून दाखवलं. म्हणाले, "तू बोलतेस गं, इंजिन बोलत नाही."

जव्हारचं पाणी मी तुम्हाला काय सांगू. पावसाळ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत, आणि होळी पेटली की विहिरींचा तळ दिसायला लागतो. मग दरीतला झरा. तिथून पाड्यावरच्या बाया डोईवर हंडे घेऊन चढ चढून यायच्या आणि टाकीत ओतायच्या. त्यांत एक म्हातारी होती. सगळे तिला बायच म्हणत. पाणी भरणं तिचं पोटाचं काम, आणि आसपासच्या बायकांची बाळंतपणं करणं मनाचं. तिनेच ती रीत पाडली होती. कुणाच्या घरी बाळंतीण असली की त्या घरची बाई गार पाण्याचा हंडा घेऊन टाकीशी यायची, तो ओतायची, आणि वरचं कढत पाणी तेवढंच काढून न्यायची. गार ओता, ऊन न्या. लाकूडफाटा वाचायचा, बाळंतिणीला शेक मिळायचा, आणि इंजिनाचीही तब्येत बरी राहायची. हे तर म्हणायचे, "गावात बाळंतीण असली की माझं इंजिन खुशीत असतं." त्या पाण्याला गंजाचा आणि तेलाचा वास यायचा. पण शेक तो शेक.

त्या वर्षी मला दिवस गेले. पहिलटकरीण होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ह्यात बोलण्यासारखं काही नसतंच. माझं माहेर घाटाखाली, डहाणूच्या बाजूला. तिथे परसात विहीर होती, रहाट होता, पाणी हाताला लागेल इतकं वर. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं. आईच्या हातचं न्हाणं हवं होतं, आणि मुख्य म्हणजे मला निजायचं होतं. इतकी दमले होते मी. आईने गाडीवानाबरोबर निरोप धाडला होता, की खोली सारवून ठेवली आहे, आठवा सरायच्या आत ये.

ह्यांनी बैलगाडी ठरवली. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसे शिकारीचे पाहुणे बंगल्यावर उतरले. ऐन वैशाखात. त्यांच्यासाठी छताला पंखे लागले. त्यांच्याबरोबर एक रेडिओ आला. तो ऐकायला मीही बंगल्याच्या मागच्या दारात जाऊन उभी राहिले होते. पेटीच्या मागे सहज हात नेला तर ती पाठसुद्धा तापलेली. वीज जिथे जाते तिथे ताप तिच्याआधी पोचतो, एवढं मला त्या घरात कळून चुकलं. आधी इंजिन दिवेलागणीला सुरू व्हायचं, आता जेवणं उरकली की दुपारीच. पाहुण्यांना गार वाटावं म्हणून पंखे, पंख्यांसाठी इंजिन, इंजिन गार राहावं म्हणून पाणी, आणि पाणी कमी पडलं की मी.

कारण झरा आटत चालला होता. बायांना वाटीवाटीने हंडा भरायला लागायचा. दोन खेपांत सकाळ जायची. टाकीतलं पाणी वाफेने उडायचं ते निराळंच. मग हे घरात यायचे आणि आमच्या पिपाकडे बघायचे. मी ओळखायची. पिण्याचं ठेवून बाकीचं उचलायचं आणि टाकीत. भांडी राखेने घासून फडक्याने पुसायची. गार ओता, ऊन न्या हेही बंद पडलं, कारण ओतायला गार कुणाकडे होतं?

"पाहुणे उद्या जातील," हे म्हणायचे. "उद्या गाडी जोडू." उद्या झाला की परवा. आठवा सरला. मी म्हटलं, "मी जाते एकटी, तुम्ही बसा तुमच्या टाकीपाशी." तर म्हणाले, "तू गेलीस तर टाकीकडे बघणार कोण? मी आत इंजिनापाशी असतो." हे असं सरळ तोंडावर. मला इतका राग आला की त्या दिवशी मी जेवले नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना धूर दिसतो. पण रागवायलाही अंगात काही लागतं. दुसऱ्या दिवशी जेवले, आणि पाणी ओतलं.

तो दिवस उजाडला तेव्हा बाया एकेकच हंडा घेऊन आल्या. बाय माझ्याकडे बघून म्हणाली, "आता हंडा उचलू नको, पोरी. पोट खाली आलाय." मी म्हटलं, "हो." दुपारी ह्यांनी टाकीत बोटं बुडवली आणि आत येऊन पिपाकडे बघितलं. मी पिंप रिकामं केलं, घागर उपडी केली, पिण्याच्या माठातलंही अर्धं नेलं. टाकीत चार बोटं झालं. हे आत गेले, भिंत धडधडायला लागली, आणि रिकामा हंडा ओट्यावर ठेवताना माझ्या कंबरेत कळ आली.

बायला कुणी बोलावलं ते मला आठवत नाही. दिवस कलला तेव्हा मुलगी झाली होती. मी भिंतीला पाठ लावून पडले होते, अंगाखाली सगळं ओलं, जीव नुसता मेटाकुटीला आलेला. बाय म्हणाली, "पानी कुठे हाय?" घरात पाणी नव्हतं. लाकडं रचून ठेवलेली होती, चूल होती, तापवायला पाणी नव्हतं. गावात त्या वेळी हंडाभर पाणी कुठे असेल तर ते त्या टाकीत. आणि तेही तापलेलं.

बायने विचारलं नाही. ती गेली आणि कढत हंडा भरून घेऊन आली. पोरीला धुतलं, हंडा संपला. दुसऱ्यांदा गेली. ह्या वेळी तिच्या मागोमाग हे दारात आले. हाताला तेल, कपाळाला तेल. बोलून दाखवलं नाही, पण ह्यांच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं. वरच्या नळाचं तोंड उघडं पडलं होतं. तिकडे बंगल्यावर दिवे लागले होते, पंखे फिरत होते, पाहुणे चहाला बसले असतील.

"अजून किती लागेल?" ह्यांनी विचारलं.

"हिला अजून हात नांय लावला," बाय म्हणाली. "पोरीलाच झालाय आतापर्यंत."

हे माझ्याकडे बघत उभे राहिले. मी बोलायला हवं होतं, राहू द्या, पुसून काढा फडक्याने. नेहमी तेच बोलत आले होते. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला बोलायचंच नव्हतं. मला ते पाणी हवं होतं. हे वळले आणि गेले.

मी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने पाठीला काहीतरी वेगळं वाटलं. काय ते आधी उमजेना. मग कळलं, भिंत थांबली होती.

बंगल्याकडून हाका ऐकू यायला लागल्या. कुणीतरी कंदील शोधत होतं. इकडे हे स्वतः हंडे आणून दाराशी ठेवत होते, एकामागून एक, टाकीतलं वरचं कढत पाणी काढून काढून. बायने मला बसवलं आणि डोक्यापासून पायापर्यंत ऊन पाणी घातलं. तेलाचा वास येत होता. तसलं न्हाणं मला जन्मात पुन्हा मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी बंगल्याच्या कारभाऱ्यांनी ह्यांना उभं करून फाडफाड बोलून घेतलं. हे खाली मान घालून ऐकत राहिले, म्हणे. नोकरी राहिली, कारण ते इंजिन सुरू करणारं दुसरं कुणी नव्हतं. घरी आल्यावर ह्यांनी पोरीच्या पाठीवर तळहात ठेवून बघितला, आणि बोटं बुडवायला टाकीकडे गेले.

आई आली ती पाचवी पुजून झाल्यावर. निरोप पोचायला आणि गाडी चढायला एवढा वेळ लागला. बरोबर नागलीचं पीठ, डिंक, आणि आमच्या विहिरीच्या पाण्याची एक कळशी, फडकं बांधून, घाटभर सांभाळत आणलेली. मला माहेर हवं होतं, आणि ते दाराशी आलं तेव्हा उठून बसायचं बळ नव्हतं. आईने माझ्या केसांवरून हात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला. पहिलं न्हाणं आपल्या हातून झालं नाही, हे तिला लागलं होतं.

"पहिल्या दिवशी पाणी कुणी तापवलं गं?" तिने विचारलं.

"जावयानं," मी म्हटलं.

"पुरुषाला एवढं सुचलं. नशीब काढलंस."

मी मान हलवली, कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड करून रडत राहिले. भिंत धडधडत होती. पाहुणे अजून गेलेच नव्हते.