कौलाच्या पोटातली बोटं

भट्टीआबा माती चाटून बघत. नव्या गावात पाऊल टाकलं की माणसं आधी पाणी शोधतात, सावली शोधतात. आबा वाकून चिमूटभर माती उचलत, जिभेवर ठेवत, डोळे मिटत आणि थुंकून निकाल देत. "खारट हाय. भाजताना चिरंल." फ्रान्सच्या बंदरात आमची लेबर कंपनी उतरली तेव्हाही त्यांनी पहिलं काम हेच केलं. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाला वाटलं, बिचारा भुकेपोटी माती खातोय. त्यानं आपल्या पिशवीतला पाव काढून दिला. आबांनी तो चावला आणि मला म्हणाले, "मास्तर, हेला सांग, पावापरास माती झ्याक हाय तुमची."

मी मास्तर नव्हतो. जर्मनीशी चाललेल्या लढाईच्या त्या वर्षांत मी विशीतला, चार बुकं इंग्रजी शिकलेला, म्हणून कंपनीचा लेखनिक. कोल्हापुरात असताना पत्रकं लिहीत असे. कुणावर कुठे अन्याय झाला की त्याच्या वतीनं रागवायचं, हे माझं काम. ते मी चोख करीत असे आणि खाली सही ठोकत असे, 'एक सत्यप्रेमी'. या सहीबद्दल पुढे सांगतो, कारण ती आबांनी मोडली.

आबांचं चाक मंगळवार पेठेच्या कडेला होतं. जातीनं कुंभार, काम नळीच्या कौलांचं. चाकावर मातीचा नळ काढायचा, ओला असतानाच तारेनं उभा चिरायचा, की एका नळाची दोन कौलं. चार घरांचा माल एकाच भट्टीत भाजला जाई आणि भट्टी उघडायची वेळ आबा भिंतीला तळहात लावून सांगत, म्हणून ते भट्टीआबा. भाजून निघालेल्या ढिगात कुणाचं कौल कुठलं हे कळायला प्रत्येक घराची खूण असे. आबांच्या घरची खूण म्हणजे ओल्या कौलाच्या पाठीवर तीन बोटं ओढायची आणि शेवटी अंगठा दाबायचा. आज्यापासून चालत आलेली. आबांना मुलगा नव्हता. "ही बोटं माझ्यासंगं थांबायची," असं ते म्हणत. रडक्या सुरात नव्हे. उद्या ऊन पडेल असं सांगावं तसं. पण कौल करताना अंगठा दाबला की क्षणभर त्याच्याकडे बघत राहत, ते मी पाहिलेलं आहे.

त्यांना सही शिकवायचीच असा मी बोटीवर चंग बांधला होता. आपल्या माणसांच्या अंगठ्यावर ज्या सावकारांची घरं उभी राहिली त्यांच्याविषयी मी त्यांना तासभर ऐकवलं. आबांनी शांतपणे ऐकलं. "सही म्हंजे काय रं? हे मीच केलंय, एवढंच का न्हाय?" मी म्हटलं, "होय." "मग मी रोज सही करतोय की. तुलाच वाचता येत न्हाय." घरी जाणारी त्यांची पत्रं मी लिहीत असे. प्रत्येक पत्राखाली ते शाईत बुडवून तीन बोटं ओढत आणि अंगठा दाबत. वरचा मजकूर त्यांच्या बायकोला, कृष्णामावशींना, दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावा लागे. खालचा त्या स्वतः वाचत.

आमचा तळ पडला त्या गावाला फ्रेंच नाव होतं. आबांनी त्याचं नाव 'कौलगाव' ठेवलं आणि कंपनीत तेच चाललं. लहानसं बंदर. एका अंगाला बोटी बांधायचा कारखाना, दुसऱ्या अंगाला कौलांच्या भट्ट्यांची धुराडी, मध्ये डोंगरउतारावर चढत गेलेली घरं आणि सगळ्या घरांवर लाल कौलं. आम्ही धक्क्यावर कोळसा उपसत होतो. आबांचे डोळे सारखे छपरांकडे. एका सुट्टीच्या दिवशी आमचे कप्तानसाहेब जुने रोमन अवशेष बघायला निघाले. सामान उचलायला दोन माणसं हवी होती. आबा कुणी नाव घ्यायच्या आत पुढे झाले आणि माझं मनगट धरून मलाही ओढलं.

अवशेष म्हणजे समुद्राकडेला एक पडकी भिंत आणि गवतात बुडालेला न्हाणीघराचा हौद. साहेबांनी मोडक्या हिंदुस्थानीत सांगितलं की दोन हजार वर्षांपूर्वी इथे रोमच्या बादशहाचं राज्य होतं. आबांनी भिंतीतली वीट नखानं खरवडली. "भाजलीया बरी," एवढंच म्हणाले. बादशहाविषयी त्यांना काही विचारायचं नव्हतं.

परतताना कौलांचा कारखाना लागला. साहेबांना बघून एक म्हातारा मुकादम बाहेर आला. कारखान्याची माती ज्या खाणीतून येई तिथे खणताना रोमन काळची एक भट्टीच सापडली होती. त्यातलं एक कौल त्यानं खिडकीत ठेवलं होतं. ते त्यानं साहेबांच्या हातात दिलं आणि मी चमकलो. आमच्या नळीच्या कौलाचा थोरला भाऊच तो. पाठीवर शिक्का होता, अक्षरं इंग्रजीसारखी. मी ती एकेक करून मोठ्यानं वाचली. शब्द काही लागला नाही. साहेब म्हणाले, "मालकाचं नाव असेल."

आबांनी ते कौल मागून घेतलं आणि उलटं केलं. पोटात दोन बोटं ओढलेली होती, वळणदार, एका दमात. आबांनी स्वतःची दोन बोटं त्या खाचांत ठेवली आणि सावकाश शेवटपर्यंत नेली. इतका वेळ गमतीनं हसणारा मुकादम थांबला.

"डावरा हुता," आबा म्हणाले. "मधलं बोट जरा आखूड. माती वाईच ओली ऱ्हायलीती आणि गडी घाईत हुता. पर हात बसलेला."

मी साहेबांना सांगितलं, साहेबांनी मुकादमाला. मुकादमानं कौल घेऊन आपली बोटं फिरवून बघितली, मग डाव्या हातानं बघितली, आणि आबांना हाताला धरून आत नेलं. पुढचा घंटाभर ते दोघे तिथली माती चाटत आणि थुंकत होते. साहेब बाहेर घड्याळ बघत उभे.

वाटेत माझं डोकं तापलं होतं. "बघितलंत आबा? दोन हजार वर्षं झाली तरी तेच. मालकाचं नाव पाठीवर, राबणाऱ्याची बोटं पोटात दडवलेली." आबांनी विचारलं, "त्या मालकाचं नाव तुला वाचता आलं का?"

"नाही."

"कुंभाराची बोटं मला आली की."

लढाई संपली, आम्ही कोल्हापुरात परत आलो. त्या दिवसांत महाराजांच्या राज्यात शिकायला येणाऱ्या पोरांसाठी वसतिगृहं उभी राहत होती. अशाच एका इमारतीच्या कौलांचं काम आबांना मिळालं. आपलं शेवटचं मोठं काम हेच, हे त्यांना ठाऊक होतं. गुडघे चाकावर बसू देत नव्हते. नमुन्याचं कौल घेऊन ते ओव्हरसियरकडे गेले. त्यानं पाठीवरची तीन बोटं आणि अंगठा पाहिला आणि नाक मुरडलं. इमारत पोरांची आहे, कुंभाराच्या हाताचे डाग नकोत, कौलाची पाठ साफ पाहिजे. आबा "बरं सायेब" म्हणून घरी आले.

मला हे महिन्याभरानं, माल भाजून निघाल्यावर कळलं आणि मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. त्यात रोम होतं, कौलगाव होतं, आबांचं नाव तीनदा होतं आणि ओव्हरसियरला मी जे जे म्हटलं ते आजही मागे घेत नाही. खाली सही, 'एक सत्यप्रेमी'. पत्रक पेठेत फिरलं. दुसऱ्या दिवशी कौलांच्या गाड्या वसतिगृहाच्या फाटकात अडवल्या गेल्या. ओव्हरसियरनं आबांना सांगितलं, "लिहिणाऱ्याचं नाव सांगा, नाहीतर माल परत न्या." आबा म्हणाले, "मला लिव्हता येत न्हाय सायेब. ज्याला येतंय तो येईल."

मला ते फाटकाबाहेर भेटले. बैल सोडलेले होते. मी तत्त्वाची गोष्ट काढली. मी तेव्हा एका कचेरीत उमेदवार होतो आणि पत्रक माझं निघालं तर घरी बसावं लागणार, हेही सांगितलं. आबा बैलाच्या पाठीवरच्या माश्या हाकलत ऐकत होते.

"माझं नाव तीनदा लिव्हलंस. तुझं एकदाबी न्हाय," ते म्हणाले. "रोमच्या त्या डावऱ्याला लिव्हता येत न्हवतं, तरी त्यानं बोटं वडली. तुला लिव्हता येतंय आणि तुझी बोटं खिशात व्हय रं, मास्तर?"

मी आत गेलो. ओव्हरसियरच्या मेजावर माझंच पत्रक पडलं होतं. मी त्याची दौत ओढली, 'एक सत्यप्रेमी' वर काट मारली आणि माझं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. त्यानं कागद उचलून नाव वाचलं. "म्हातारा खोटं बोलला नाही तर," असं म्हणून त्यानं गाड्या आत घ्यायला सांगितलं. कचेरीच्या पटावरनं माझं नाव त्याच आठवड्यात गेलं. त्याचं दुःख मला दोन दिवस झालं.

गाड्या रिकाम्या होत होत्या. ओव्हरसियर एकेका कौलाची पाठ बघून मान डोलवत होता. पाठी अगदी साफ. मला वाटलं, आबांनी हार खाल्ली. मी एक कौल उचललं आणि उलटं केलं. पोटात तीन बोटं आणि अंगठा. दुसरं उचललं. त्यातही.

"आबा, हे आधीच केलं होतंत? मग मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस कुठं? तू निस्ता वरडलास." आणि माझ्या हातातलं कौल घेऊन चळतीत लावत ते म्हणाले, "कौलगावच्या त्या डावऱ्यानं शिकीवलंय. अरं, छपराची पाठ कोण बघतंय? कावळं. पोरं आतनं बघतील, उताणी पडून."

गेल्या उन्हाळ्यात आबा तापानं गेले. चाकाशेजारी त्यांनी काढलेली पाच-सहा कौलं ओल्या गोणपाटाखाली राहिली होती. खूण करायची बाकी होती. दिवस संपले तेव्हा मी मावशींना भेटायला गेलो. सुतकाचे सगळे दिवस त्या गोणपाटावर पाणी शिंपडत होत्या; माती वाळू दिली नव्हती. त्यांनी गोणपाट उचललं आणि म्हणाल्या, "बिनखुणंची कौलं भट्टीत कोण घेणार? वड तू."

मी म्हटलं, माझा हात बसलेला नाही. त्यांनी एक ओलं कौल माझ्यापुढे सरकवलं. मी खाली बसलो, कौलाच्या पोटात तीन बोटं ओढली आणि अंगठा दाबला. रेघा वाकड्या गेल्या, मधली अर्ध्यावर तुटली. पुसून पुन्हा काढायला मी हात उचलला, तर मावशींनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे की," त्या म्हणाल्या. "तुझं हाय म्हणून कळंल."