बर्फाची फरशी

चैत्र वद्य तृतीया, बुधवार. थंडीतल्या चादरी आज धुवायला काढल्या. रंगीत एका घंगाळात, पांढऱ्या दुसऱ्यात. एक पांढरी चादर मात्र मी दरवर्षी रंगीतांतच टाकते. तिच्या मधोमध ताटाएवढा तांबडा डाग आहे आणि तो आता जायचा नाही. वीण घट्ट आहे, अजून दहा वर्षं टिकेल, म्हणून ठेवली आहे. ऊन वर येईपर्यंत चादरी भिजत होत्या आणि मी घंगाळाशेजारी नुसती बसून राहिले. एरवी मी अशी बसत नाही.

तो डाग पत्र्याच्या शेडमधला. शेड मुळात कापसाच्या गाठींसाठी बांधलेली. गिरण्यांनी आपापली गोदामं बांधल्यावर ती रिकामी पडली, तेव्हा एका ठेकेदारानं भाड्यानं घेतली. थंडीत तिथं तांबडी माती पसरून कुस्त्या व्हायच्या. माती उपसली की नाटकं. पुढे बोलपट आले, तेही काही वर्षं तिथंच लागत. आता बोलपटांना नवं थेटर झालंय आणि शेडमध्ये पुन्हा गाठी येऊन पडल्या आहेत. पण शेड म्हटलं की मला आठवतो तो एकच उन्हाळा.

ठेकेदार मुंबईला जाऊन एक नवा खेळ पाहून आला होता. पायांना चाकं बांधायची आणि गुळगुळीत जमिनीवर फिरायचं. त्यानं शेडमध्ये शहाबादी फरशी घातली आणि महिनाभर ती पाणी टाकून घासून घेतली. मी एकदा दुपारी यांचा डबा छापखान्यात द्यायला जाताना आत डोकावले. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडले होते. फरशीवर एक, आणि त्याच्याखाली खोल फरशीच्या पोटात दुसरा. बाहेर रस्ता तापून पांढरा झाला होता आणि इथं आत कुणीतरी तळं झाकून ठेवल्यासारखं वाटत होतं. मी चप्पल काढून एक पाऊल टाकलं. गार होतं. मग डबा आठवला.

हे तेव्हा त्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. खेळाची जाहिरात यांच्याकडेच आली. ठेकेदारानं लिहून दिलं होतं, ‘बर्फासारखी गुळगुळीत फरशी’. छापखान्यातला मोठा लाकडी ‘ख’ झिजला होता. छापला की मधला सांधा उठत नसे आणि नुसते ‘र’ आणि ‘व’ दिसत.

“लोक ‘बर्फासाररवी’ वाचतील आणि हसतील,” हे जेवताना म्हणाले. “म्हणून मी सरळ ‘बर्फाची’ केलं. अर्थ तोच की.”

“अर्थ तोच नाही,” मी भाकरी वाढत म्हटलं. “लोक बर्फ मागतील.”

“सोलापुरात? चैत्रात? कोण मागतंय!”

तोवर जाहिराती वाटूनही झाल्या होत्या.

पहिल्या खेळाच्या संध्याकाळी मी शेडपाशी पोचले आणि समोर बघतच राहिले. माणसं चादरी पांघरून आली होती. कुणाच्या खांद्यावर घोंगडं, कुणाच्या डोक्याला मफलर. आतल्या बर्फानं थंडी भरेल म्हणून तयारीनं निघाली होती आणि दारातच घामानं निथळत होती. चादर माझ्याही काखेत होती, पण ती बसायला.

पडद्याआड बायकांच्या बाजूला जागा मिळाली. शेजारी मंद्रूपची एक म्हातारी होती. तिनं फरशीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि पडदा सारून सरळ ठेकेदाराला हाक मारली.

“अहो, बर्फ कुटं हाय?”

“आजी, बर्फ नाही. बर्फासारखी फरशी.”

“कागदावर ‘बर्फाची’ लिवलंय की! सुनंनं वाचून दावलं. मंद्रूपास्नं गाडी जुंपून आलोय आमी. घोंगडं बी आणलंय.”

“पांघर की आजी,” पुरुषांतून कुणी ओरडलं, “घाम आला की आपोआप गार वाटंल!”

शेड हसली. पण ते हसणं लगेच फिरलं. “फसवणूक हाय ही,” एकजण म्हणाला, मग दहाजण. खेळ करणारे मुंबईचे नवरा-बायको चाकं बांधून कोपऱ्यात उभे होते, ते मागे सरले.

छापखान्याचे मालक पहिल्या रांगेत बसले होते. ठेकेदार त्यांच्यापुढे जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, “ज्यानं हे खिळे जुळवले त्याला उद्यापासून घरी बसवा. नाहीतर तुमचा माझा संबंध संपला.”

मालकांनी यांच्याकडे पाहिलं. हे खांबाला टेकून उभे होते, कान लाल झालेले. अकरा वर्षं यांनी उलटी अक्षरं वाचण्यात घालवली होती. दुसरं काम यांना येत नव्हतं, आणि गावात यांना घेईल असा दुसरा छापखाना नव्हता.

मी उठले. “बर्फ आहे की,” म्हटलं. “दारात सोडावाल्याच्या भुशात दोन लाद्या आहेत. आणा आणि मधोमध ठेवा.”

“वहिनी, पाणी सुटेल,” ठेकेदार म्हणाला. “चाकं घसरतील.”

“मग भोवती चादरी अंथरा. एवढ्या आणल्यात लोकांनी.” आणि माझी पहिली टाकली.

भुसा धुऊन लाद्या ठेवल्या, भोवती चादरींची बांधासारखी गोल वरवंडी केली. गॅसबत्त्या पेटल्या होत्या. बर्फातून धूर निघू लागला, सावकाश, आणि फरशीवर पसरत गेला. उजेड लादीच्या आत शिरून निळा होऊन बाहेर येत होता. मग ती दोघं निघाली. त्यांच्या पायांचा आवाज गिरणीतल्या सूत कातणाऱ्या चात्यांच्या दुरून येणाऱ्या घरघरीसारखा होता. बाईच्या पदराचं टोक मागं तरंगत होतं, आणि फरशीच्या आत तीच बाई उलटी, तेवढ्याच वेगानं फिरत होती. मी स्वतः किती वेळ पापणी लववली नाही ते सांगता येणार नाही.

ती दोघं थांबल्यावर म्हातारी अनवाणी चालत गेली. लादीवर हात ठेवला आणि तो ओला हात डोळ्यांना लावला.

“हाय,” ती वळून म्हणाली. “लिवलंय ते खरं हाय.”

मग माणसं उठली आणि प्रदक्षिणा घालावी तशी बर्फाभोवती फिरू लागली. ठेकेदारही त्यांच्यात होता. त्यानं घरी बसवायचा विषय पुन्हा काढला नाही.

माझी चादर उचलली तेव्हा शेजारच्या चादरीचा कच्चा तांबडा रंग तिच्यावर उतरला होता.

दारात मालक थांबले. “वहिनी, वाचायला येतं तुम्हाला?”

“मराठी सातवी पास आहे.”

“मग ह्याची प्रुफं छापण्याआधी तुम्ही बघाल? तर ह्याला ठेवतो.”

“बघेन,” मी म्हटलं. “पण आधी तो ‘ख’ बदला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चादर उकळत्या सोड्यात टाकली, भाकऱ्या उरकल्या आणि यांच्याबरोबरच छापखान्यात गेले. एका लग्नपत्रिकेचं प्रूफ निघालं होतं. चार चुका सापडल्या. दोन यांच्या होत्या, दोन मालकांनी लिहून दिलेल्या. चारही दुरुस्त केल्या.