न मेलेली नायिका

डोंबिवलीत आमच्या गल्लीच्या टोकाला एक छोटं वाचनालय होतं. ते चालवणाऱ्या बाईंचा एकच नियम होता. पुस्तक परत करताना मागे चिकटवलेल्या कागदावर अभिप्राय लिहायचा, नाहीतर पुढचं पुस्तक नाही. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी पंचविशीतला, ठाण्यात नोकरीला, आणि चारचौघांत वाचणारा म्हणून ओळखलं जावं अशी हौस असलेला. म्हणून अभिजात मानली जाणारी एक जाडजूड कादंबरी घरी नेली. चाळीस पानांनंतर ती फ्रिजच्या लंगड्या पायाखाली गेली.

परत करताना बाई समोरच उभ्या. मी लिहिलं, 'नायिकेचा मृत्यू जिव्हारी लागतो.' जुन्या कादंबरीत नायिका मरतच असणार, असा माझा हिशेब.

वर्षभरात खाली आणखी बारा अभिप्राय जमले. 'मृत्यूचा प्रसंग अप्रतिम.' 'ती गेल्यावर दोन दिवस जेवण गेलं नाही.' एकाची तर 'मृत्यू जरा लांबवलाय' अशी तक्रार होती. आपला अंदाज इतका अचूक निघाला म्हणून मी मनातल्या मनात फुगलो.

मग एका संध्याकाळी कोपरला राहणारे एक निवृत्त मास्तर ती कादंबरी छातीशी धरून आले.

"बाई, ती कुठल्या पानावर मरते हो?"

"कोण?"

"नायिका. तीनदा वाचली. मेलेली सापडतच नाही."

बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "मास्तर, तेरा जणांना सापडली."

मास्तर खुर्चीत बसले. "म्हणजे मुलगा म्हणतो ते खरं. डोक्यात काही राहत नाही माझ्या. परवा गॅस चालूच राहिला. सोमवारी डॉक्टरकडे नेतोय मला. म्हणतो, यापुढे एकटं बाहेर पडायचं नाही."

मी शेजारी उभा होतो. त्यांनी परत केलेली कादंबरी तेवढी घेतली.

दोन दिवस रजा टाकून साडेसातशे पानं वाचली, ती कुठेतरी मरावी एवढ्याच आशेनं. चारशेव्या पानावर तिला विषमज्वर झाला तेव्हा मला हायसं वाटलं. बरी झाली. एका पहाटे रडत विहिरीकडे निघाली. पाणी भरून परत आली. शेवटच्या पानावर ती नातवाला पेज भरवत होती.

सोमवारी सकाळी मी कोपरला पोचलो तेव्हा मास्तर चपला घालून दारात उभे होते. मुलगा रिक्षा बघायला खाली गेला होता.

"मास्तर, ती मरत नाही. मरते असं मी लिहिलं. न वाचता."

"आणि बाकीचे बारा?"

"त्यांनीही वाचली नसावी."

"अरे गाढवा!" त्यांनी चपला काढल्या आणि भिंतीला टेकले. "चार दिवस रोज उठल्यावर आधी बायकोचं नाव म्हणून बघतोय मी. आठवतंय का म्हणून."

मग स्वतःच म्हणाले, "खरं सांगू? मरायला हवी होती ती. शेवटची दोनशे पानं नुसती लोणची घालते."

त्या आठवड्यात ते एकटेच वाचनालयात आले आणि त्या कागदावर लाल शाईनं लिहिलं, 'नायिका मरत नाही. मी तीनदा वाचली आहे.' त्याखाली मी माझी कबुली लिहायला हवी होती. बाई समोर होत्या, धीर झाला नाही.

महिन्याभरानं पाहिलं तर तिथे दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं होतं, 'सहमत. नायिकेचं न मरणं जिव्हारी लागतं.'