खंड्याचा एक धड फोटो

दिवाळीनंतरचा पहिला रविवार, सकाळ. स्थळ: आमच्या कांदिवलीच्या सोसायटीची बाग. हजर: मी, आमचे हे, म्हणजे सुहास, माझे सासरे आप्पा, आमचा कुत्रा खंड्या, आणि एक कुत्राचोर. (तो कुत्राचोर नव्हता. पण हे कळेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.)

खंड्या तेरा वर्षांचा, काळाकुट्ट गावठी. इतका काळा की फोटोत तो येतच नाही, फोटोला भोक पडल्यासारखं दिसतं. आप्पांच्या मांडीवर भोक, सोफ्यावर भोक, गणपतीच्या आरतीला सगळ्यांच्या पायांत एक भोक. आता त्याचं नाक पांढरं होत चाललंय आणि आप्पा ऐंशीच्या पुढे गेलेत. दोघे रोज सकाळी बागेला फेरी मारतात. कोण कोणाला फिरवतं, ते सांगता येत नाही.

एकदा जेवताना आप्पा म्हणाले, "आमचो दोघांचो एक धड फोटो व्हयो. गेल्यावर लावतत तो नको. असतानाचो."

त्यानंतर कोणाला दुसरी पोळी गेली नाही. पुण्याला असलेल्या आमच्या लेकीने, मुक्ताने, लगेच इंटरनेटवर कुत्र्यामांजरांचे फोटो काढणारा एक फोटोग्राफर शोधला, पैसे भरले आणि मला कळवलं, "आई, रोहन नावाचा मुलगा फोन करेल. तो विचारेल ते फक्त सांग."

'फक्त सांग' म्हटलं की माझे कान टवकारतात. लुबाडणारे सगळे असंच म्हणतात. (त्यातून त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरत होता की कुत्री पळवणारी टोळी आलीय. कुठली टोळी, कोणी पाहिली, कशाचा पत्ता नाही. म्हणजे खरंच असणार.)

फोन आला. आवाज गोड होता. संशय इथूनच सुरू झाला.

"काकू, त्याचं नाव काय? काय हाक मारली की येतो?"

मी सावध झाले.

"खायला काय आवडतं? म्हणजे काय दाखवलं की मागे मागे येतो? आणि अनोळखी माणसाला चावत वगैरे नाही ना?"

तुम्हीच सांगा, कुत्रा पळवायचा असता तर त्याने याहून वेगळं काय विचारलं असतं?

माझं घर याद्यांवर चालतं. वाण्याची यादी, औषधांची यादी, कोणाच्या लग्नात कोणी काय दिलं त्याची यादी. गडबडून जाणं माझ्या स्वभावात नाही. मी शांतपणे एकेक उत्तर दिलं. खायला? कारलं. चावतो? हो, परवाच दोघांना. नाव? इथे मात्र मी अडले. समोर हे पेपर वाचत बसले होते.

"सुहास," मी म्हणाले.

ह्यांनी पेपर खाली केला. मी डोळे वटारले. पेपर पुन्हा वर गेला.

"सुहास! वेगळंच नाव आहे, काकू," तो म्हणाला आणि त्याने सूचना दिल्या. आदल्या दिवशी आंघोळ घाला. सकाळी पोटभर खायला देऊ नका. पट्टा बारीक आणा, म्हणजे फोटोत दिसणार नाही.

"ऐकलंत?" फोन ठेवून मी ह्यांना म्हटलं. "उपाशी ठेवा म्हणतो. उपाशी कुत्रा कोणाच्याही मागे जातो. आणि बारीक पट्टा कशाला? कापायला सोपा!"

"अगं, पण मुक्ताने त्याला पैसे भरलेत. चोराला कोणी आधी पैसे देतं का?"

"म्हणजे बघा किती पोचलेला आहे. दोन्हीकडून घेतोय."

"बरं, पण माझं नाव कशाला दिलंस?"

"तुम्हाला कोण पळवणार आहे?"

ह्यांनी पेपरचं पान जरा जोरातच उलटलं. (थोडं लागलेलं दिसलं.)

मग मी माझ्या पद्धतीने तयारी केली. आंघोळ घातली, कान पुसले, विंचरलं. रविवारी सकाळी खंड्याला पोटभर बांगडा-भात वाढला. बारीक पट्ट्याऐवजी ह्यांच्या जुन्या स्कूटरची साखळी त्याच्या गळ्यात अडकवली, कुलपासकट. चावी माझ्या पर्समध्ये. आणि सगळ्यांना बजावलं, "काही झालं तरी त्याचं खरं नाव तोंडातून काढायचं नाही."

"मगे काय म्हणू त्येका?" आप्पांनी विचारलं.

"सुहास."

"आणि ह्येका?" आप्पांनी मुलाकडे बोट दाखवलं.

"ह्यांना काहीच म्हणू नका."

मला स्वतःला अडचण नव्हती. लग्न झाल्यापासून मी ह्यांना 'अहो'च म्हणत आलेय.

रोहन आला तो कोपरापर्यंत जाड हातमोजे घालून. हातात कारल्याच्या कापांचा डबा. दोघांना चावलेलं कुत्रं म्हटल्यावर तो जवळ येईना, गुलमोहराच्या बुंध्याआडून कॅमेरा रोखून उभा राहिला. (चोर असाच उभा राहतो.) मी जाऊन त्याच्या बाईकच्या नंबरप्लेटचा फोटो काढला.

"काकू, फोटो मी काढायचेत ना?" तो म्हणाला.

आप्पा इस्त्रीचा सदरा घालून बाकावर बसले. खंड्या त्यांच्यापासून चार हातांवर, बांगडा-भाताच्या ओझ्याखाली आडवा.

"सुहास! सुहास, इकडे बघ!"

ह्यांनी बघितलं. खंड्याने नाही.

"सुहास, ऊठ! शाब्बास, ऊठ!"

हे अर्धे उठले होते. मी हात धरून खाली बसवलं. रोहनने लांब काठीला कारलं टोचून पुढे केलं. खंड्याने एक डोळा उघडला, वास घेतला आणि कूस बदलली. ऊन चढत होतं. आप्पांचा घसा सुकला, आणि सवयीने ते म्हणाले, "सुहास, जरा पाणी आण रे."

"पाणी पण आणतो?" रोहन कौतुकाने खंड्याकडे बघायला लागला.

खंड्या घोरत होता. पाणी ह्यांनी आणलं.

रोहनने ह्यांच्याकडे बघितलं. मग कुत्र्याकडे. मग साखळीकडे, कुलपाकडे, माझ्या घट्ट धरलेल्या पर्सकडे. हळूहळू त्याने हातमोजे उतरवले.

"काकू, रागावू नका. हा नावाला ओ देत नाही. आवडीचं खात नाही. चावरा म्हणालात, तो घोरतोय. वर साखळीला कुलूप. हा कुत्रा नक्की तुमचाच आहे ना?"

म्हणजे चोर मलाच चोर म्हणत होता!

"पोलिसांना फोन लावू का?" मी विचारलं.

"लावा ना. मी पण तेच म्हणणार होतो," तो म्हणाला आणि कॅमेरा बॅगेत ठेवायला लागला.

आप्पांनी बॅगेकडे बघितलं. मग बाकाचा कठडा धरून पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "खंड्या. ये रे माझ्या बाबा. ह्या लोकांचा काय ता चालांदे."

खंड्या उठला. साखळी खळखळत ओढत गेला आणि त्याने हनुवटी आप्पांच्या गुडघ्यावर टेकली. आप्पांनी त्याच्या पांढऱ्या नाकावरून बोट फिरवलं. दोघेही आमच्याकडे बघत नव्हते.

बॅगेत चाललेला कॅमेरा बाहेर आला.

नंतर रोहनने तो फोटो दाखवला. खंड्याचा केस न केस दिसत होता. डोळे होते. त्याला भुवयासुद्धा आहेत, हे मला तेरा वर्षांत पहिल्यांदा कळलं.

"ह्योच," आप्पा म्हणाले. बाकीचे फोटो त्यांनी बघितलेसुद्धा नाहीत.

मी रोहनची माफी मागितली, मुद्देसूद. नाव खोटं होतं, कारलं खोटं होतं, चावणं खोटं होतं. तो पोट धरून हसला, मोठी फ्रेम करून घरी पाठवतो म्हणाला आणि गेला. आप्पांनी त्याच दुपारी ह्यांच्याकडून भिंतीत खिळा ठोकून घेतला, टीव्हीच्या वर, बसल्या जागेवरून दिसेल असा.

फ्रेम पोचल्याचा मेसेज आला. फ्रेम आली नाही. मी तावातावाने रोहनला फोन लावला.

"काकू, तुम्ही फोनवर दिलेल्या पत्त्यावरच पाठवलीय. बी विंग, सातशे चार."

आम्ही ए विंगमध्ये राहतो. चोराला घर कळू नये म्हणून मी पत्ताही... एवढ्या याद्या करते, पण खोटं काय काय बोलले त्याची यादी करायची राहून गेली होती.

बी विंगला गेले. सातशे चारमध्ये नवीन बिऱ्हाड. बेल वाजवली तर बंद दारामागून बाईचा आवाज आला, "कोण?"

"मी ए विंगमधली. आमचं पार्सल तुमच्याकडे आलंय."

"त्याच्यावर पत्ता तर आमचा आहे."

"हो. तो मीच दिला होता."

"आमचा पत्ता? का?"

याचं खरं उत्तर बंद दारासमोर उभं राहून देण्यासारखं नव्हतं. आतून वरची कडी लागली, मग खालची, आणि पाच मिनिटांत वॉचमन वर आला. तिची काही चूक नाही. तिच्या जागी मी असते तर बेल वाजायच्या आधीच बोलावला असता.

तेव्हा आजही टीव्हीच्या वर नुसता खिळा आहे आणि आप्पा त्याच्याकडे बघत चहा पितात. बाकी राहिलेलं काम: बी विंगमधून फोटो आणणे. त्यासाठी विश्वासू माणूस हवा. म्हणजे आमच्या घरातलं कोणीही चालेल, मी सोडून.